गृहस्थाचे वैराग्य

प्रपंच आणि परमार्थ यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या मुखांनी विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर देताना बहुतेक उपदेशक नकळत दोन्ही पक्षांची मनधरणी करू लागतात. दिवसाचा बहुतेक भाग संसाराला आणि घटकाभर देवाला, तारुण्य कमाईला आणि वार्धक्य नामस्मरणाला, अशी एखादी सोयीस्कर वाटणी सुचवून ते मोकळे होतात. शीख गुरूंच्या उपदेशाचे वर्णनही पुष्कळदा याच थाटात केले जाते. संन्याशाचा कडकपणा नको आणि संसाऱ्याची लंपटताही नको, असा कोणता तरी मधला रस्ता त्यांनी दाखवला, असे सांगून वर्णन करणारा थांबतो. हे वर्णन मला अपुरे वाटते, एवढेच नव्हे तर दिशाभूल करणारे वाटते. वाटणी करायची तर आधी दोन हिस्सेदार मान्य करावे लागतात. आणि नानकांनी जर काही ठामपणे नामंजूर केले असेल, तर प्रपंच आणि परमार्थ हे एकाच मालमत्तेवर दावा सांगणारे दोन वेगळे हिस्सेदार आहेत, ही मूळ समजूतच होय.

या नामंजुरीचा सर्वांत स्पष्ट पुरावा भाई गुरदासांच्या पहिल्या वारेत, म्हणजे दीर्घ पद्यरचनेत, सापडतो. भाई गुरदास हे तिसऱ्या गुरूंच्या आप्तांपैकी, आणि 1604 साली आदिग्रंथाची जी संहिता सिद्ध झाली तिचे लेखनिक. त्यामुळे त्यांच्या शब्दाला पंथात मोठे प्रामाण्य आहे. त्यांनी वर्णिलेला प्रसंग असा. बटाल्याजवळच्या अचल या ठिकाणी शिवरात्रीची यात्रा भरली होती आणि नाथपंथी योग्यांचा मोठा मेळा जमला होता. नानक तोवर आपले दीर्घ प्रवास आटोपून कर्तारपूरला स्थायिक झाले होते आणि विरक्ताचा वेष उतरवून त्यांनी गृहस्थाची वस्त्रे धारण केली होती. भंगरनाथ नावाच्या योग्याला हे खुपले. उदासी वेष टाकून पुन्हा संसाऱ्यांची रीत का धरलीस, दुधात आंबट घालून ते का नासवलेस, अशा आशयाचा प्रश्न त्याने सर्वांसमक्ष विचारला. नानकांचे उत्तर कठोर होते. भांडे नीट न धुतल्यामुळे लोणी बिघडले आहे ते तुमचेच, असे त्यांनी त्याला सुनावले, आणि पुढे जे म्हटले त्याचा आशय असा, की गृहस्थाश्रमाचा त्याग करून तुम्ही बाहेर पडता आणि मग भिक्षेसाठी त्याच गृहस्थांच्या दारात उभे राहता.

हा केवळ वादात जिंकण्यासाठी मारलेला टोला नाही. त्यात एक नैतिक सिद्धान्त आहे, आणि तो आपल्या तत्त्वज्ञांनी क्वचितच इतक्या स्वच्छपणे मांडला आहे. संन्याशाच्या मोक्षाचा खर्च कोण भागवतो, हा तो प्रश्न आहे. ज्याने जगाला मिथ्या ठरवले त्याच्या झोळीत पडणारे पीठ कोणा तरी शेतकऱ्याच्या घामाचे असते आणि कोणा तरी स्त्रीने पहाटे उठून जात्यावर दळलेले असते. आणि ज्या संसारावर आपला योगक्षेम चालतो त्याच संसाराला हीन लेखणे म्हणजे ज्याचे कर्ज घेतले त्यालाच नादार ठरवणे होय. सारंग रागातील वारेत नानकांचा एक श्लोक आहे. स्वतःला गुरू किंवा पीर म्हणवून जे भीक मागत फिरतात त्यांच्या पाया पडू नये, असे बजावून त्यात पुढे सांगितले आहे, की जो कष्ट करून खातो आणि त्यातले काही आपल्या हाताने दुसऱ्याला देतो, त्यालाच मार्ग कळला आहे. मार्ग ओळखण्याची ही खूण नानकांनी ध्यानात, दर्शनात किंवा सिद्धीत ठेवली नाही. ती कमाईत आणि वाटपात ठेवली.

ज्यांनी ही खूण ठेवली त्यांचे स्वतःचे आयुष्य पाहिले, तर ती उपदेशासाठी घेतलेली भूमिका नव्हती, हे ध्यानात येते. सुलतानपूर येथे दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात नानक नोकरीला होते. ही नोकरी त्यांना बहीण नानकी हिचे पती जयराम यांच्या शब्दावरून मिळाली होती. सारा म्हणून धान्यरूपाने आलेला माल कोठारात जमा करणे, शिपाईप्यादे व नोकरचाकर यांचा शिधा तोलून देणे आणि त्याचा जमाखर्च राखणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. जनमसाख्यांत, म्हणजे नानकांच्या पारंपरिक चरित्रकथांत, सांगितले आहे, की हा मोदी कोठार फकिरांवर उधळून टाकतो अशी चुगली खानाच्या कानी गेली, तेव्हा हिशेबाची तपासणी झाली, वह्या पाहिल्या गेल्या, माल मोजला गेला. आणि तूट निघण्याऐवजी उलट सरकाराकडूनच नानकांचे काही येणे निघाले. भाविक या कथेत चमत्कार पाहतो. मला तिच्यात मोठी वाटते ती कथाकाराची निवड. ज्या पुरुषाला लवकरच ईश्वरी साक्षात्कार व्हायचा आहे त्याची परीक्षा कथाकाराने अरण्यात किंवा स्मशानात घेतली नाही. ती सरकारी दफ्तरात, वजनकाट्यासमोर आणि चोपडीच्या पानावर घेतली. ज्याचा हिशेब चोख नाही त्याची समाधी कसली, असे ती कथा न बोलता सांगते. पुढे नानकांच्या वाणीत हुकूम, दरबार, लेखा, साखळ्या आणि शिक्षा या शब्दांचा जो मुक्त संचार दिसतो, तोही या अनुभवातून आला असावा असे मानायला जागा आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. सुलतानपूर सोडल्यावर नानक वर्षानुवर्षे देशोदेशी हिंडले. पत्नी सुलखनी आणि श्रीचंद व लखमीदास हे दोन पुत्र यांना त्यांनी आप्तांच्या आधारावर मागे ठेवले. त्यांच्या या प्रवासांना शीख परंपरा स्वतःच उदासी म्हणते. मग गृहस्थधर्माचा हा पुरस्कर्ता स्वतः गृहस्थाश्रम टाकून गेलाच ना? या प्रश्नाला भक्तिभावाने झाकून टाकण्यात अर्थ नाही, कारण सुलखनीने काढलेली ती वर्षे सोपी असण्याचा संभव नाही. पण न्यायनिवाडा करताना दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली ही, की ते हिंडणे कार्यासाठी होते. त्याला त्यांनी जीवनपद्धतीचा दर्जा दिला नाही. भाई गुरदास सांगतात, की सुमेरूवर भेटलेल्या सिद्धांनाही नानकांनी हाच जाब विचारला होता: तुम्ही ज्ञानी लोक डोंगरकपारीत लपून बसलात, तर खाली बुडणाऱ्या जगाला तारणार कोण? दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे. कार्य पुरे होताच ते परतले, आणि परतून त्यांनी मठ बांधला नाही. त्यांनी शेत धरले.

रावीच्या पश्चिम तीरावरचे कर्तारपूर आज पाकिस्तानातील नारोवाल जिल्ह्यात आहे, आणि 9 नोव्हेंबर 2019 रोजी भारतीय यात्रेकरूंसाठी तेथवरचा मार्ग खुला झाला, हे वाचकांना स्मरत असेल. 1539 साली देह ठेवीपर्यंतची सुमारे 18 वर्षे नानकांनी तेथे काढली. पहाटे जपजीचा पाठ, संध्याकाळी सोदर आणि आरती, आणि या दोहोंच्या मध्ये अख्खा दिवस नांगर, पेरणी, निंदणी आणि गुरेढोरे. शीख नित्यनेमाचा साचा तेथे बसला आणि तो आजतागायत मोडलेला नाही: अमृतवेळेला जपजी, सूर्यास्ताला रहिरास, निजण्यापूर्वी सोहिला. कामाचा दिवस या मांडणीत उपासनेबाहेर पडत नाही. उपासनाच त्याला दोन्ही अंगांनी धरून असते.

याच शेतावर पंथाच्या भवितव्याचा निवाडा झाला. भाई लहणा हे देवीचे उपासक, सुस्थितीतले व्यापारी. ते कर्तारपूरला आले तेव्हा अंगावर नवे, किमती कपडे होते. नानक भाताच्या खाचरात निंदणी करत होते आणि निंदलेल्या ओल्या गवताचे भारे बांधावर पडले होते. मुलांना ते उचलायला सांगितले तर त्यांनी टाळले. लहण्यांनी विचार न करता भारा डोक्यावर घेतला आणि घराची वाट धरली. गवतातून गळणाऱ्या चिखलाच्या पाण्याने खांद्यापासून खालपर्यंत सगळे कपडे माखले. सुलखनीने ते पाहून नवऱ्याला बोल लावला, की पाहुण्याकडून असली कामे करून घ्यायची का? नानकांनी तिला सांगितले, की हा चिखल नव्हे, हे केशर आहे. ही साखी पंजाबात घरोघर सांगतात. पुढे गुरुगादी लहण्यांना, म्हणजेच गुरू अंगदांना मिळाली. ज्येष्ठ पुत्र श्रीचंदांना मिळाली नाही. श्रीचंद दुर्वर्तनी नव्हते. ते ब्रह्मचारी, तपस्वी आणि विरक्त होते, आणि त्यांच्यापासून निघालेल्या उदासी संप्रदायाला पुढील गुरूंनीही आदराने वागवले. परंतु तिसऱ्या गुरूंनी, अमरदासांनी, ही रेषा पुन्हा एकदा स्पष्ट आखून दिली, की उदासी निराळे आणि शीख निराळे. विरक्त पुत्राला डावलून चिखलाचा भारा उचलणाऱ्या गृहस्थाच्या हाती वारसा सोपवणे, ही धर्मेतिहासातली लहान घटना नव्हे. गुरुगादीवर जे जे पुढे बसले त्यांपैकी बालवयातच दिवंगत झालेल्या आठव्या गुरूंचा अपवाद सोडला, तर एकही अविवाहित नव्हता.

मराठी वाचकाला या विचारात परकेपणा वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचा एक आधारस्तंभ आपल्याकडूनच गेलेला आहे. गुरू ग्रंथसाहिबाच्या 1430 पृष्ठांत नामदेवांची 61 पदे आहेत. त्याच ग्रंथात, कबीरांच्या श्लोकांमध्ये, नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक छोटा संवाद येतो. त्रिलोचन विचारतात, की मित्रा, मायेने तुला मोहित केले आहे काय? कापड छापत का बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचे उत्तर थोडक्यात असे, की मुखाने नाम घ्यावे, हातापायांनी सगळे काम करावे आणि चित्त निरंजनापाशी असू द्यावे. रामकली रागातल्या त्यांच्या एका पदात तर याच अवधानाची एकामागून एक चित्रे आहेत: मित्रांशी बोलता बोलता पतंगाच्या दोरीवर लक्ष ठेवणारा मुलगा, हसतखेळत पाणी भरून आणताना डोक्यावरची घागर न विसरणाऱ्या मुली, पाच कोसांवर चरतानाही वासराकडे जीव लागलेली गाय, आणि घरातल्या कामाच्या रगाड्यातही पाळण्यातल्या बाळाकडे कान असलेली आई. अवधानाचे हे चारही दाखले गावगाड्यातले, कामकाजाचे आणि खेळाचे आहेत. एकही गुहेतला नाही, हे आवर्जून पाहण्यासारखे आहे. ज्या गुरदासपूर जिल्ह्यात अचलचा तो वाद झाला त्याच जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांचे पंजाबातले स्थान आहे, आणि 2015 साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. त्या निमित्ताने भाषणे पुष्कळ झाली. परंतु पंढरपूरच्या या शिंप्याची शिकवण पंजाबात एका अख्ख्या समाजाच्या दैनंदिन शिस्तीचा भाग कशी झाली, याचा अभ्यास आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही.

ग्रंथात ज्या भक्तांची वाणी समाविष्ट झाली त्यांचे व्यवसाय पाहिले, तर संपादनामागची दृष्टी आपोआप उलगडते: कबीर विणकर, रविदास चर्मकार, सैन न्हावी, धन्ना शेतकरी. यांपैकी दोघांनी देवाजवळ जे मागितले आहे ते वाचून अध्यात्माच्या रूढ कल्पनेला थोडा धक्का बसतो. उपाशी पोटी आपल्याने भक्ती व्हायची नाही, असे कबीर देवाला उघड सांगतात आणि दोन शेर पीठ, पावशेर तूप, मीठ, अर्धा शेर डाळ, चार पायांची खाट, उशी आणि रजई यांची मागणी नोंदवतात. धन्ना तर डाळ, शिधा आणि तूप यांवर न थांबता जोडे, कपडे, दुभती गाय, म्हैस, चांगली घोडी आणि घर सांभाळणारी गुणी बायको इथवर जातात. या दोन्ही पदांना पंथाने आपल्या परमपवित्र ग्रंथात जागा दिली आहे. गरजेपुरते मागण्यात लाज नाही आणि गरज नाकारण्यात काही विशेष पुण्य नाही, ही त्यामागची भूमिका आहे.

मग अडथळा कोठे आहे? शीख विचाराचे उत्तर हउमै या एका शब्दात सामावले आहे. मी केले, माझे आहे, मी निराळा आहे, ही जी जिवाची गाठ, तीच बंधन. घर, शेत, बायको, मुले ही बंधने नव्हेत. हे एकदा मान्य केले की त्यागाचा सगळा हिशेब बदलतो. घर सोडणारा माणूस आपल्याबरोबर हउमै घेऊनच बाहेर पडतो. किंबहुना मी सर्वस्व सोडले या जाणिवेने तिला अधिकच पुष्टी मिळते. उलट घरात राहणाऱ्याची हउमै रोज घासली जाते, कारण तेथे बोलून दाखवणारी माणसे असतात, आजारपणे असतात, देणेकरी असतात, हट्टी मुले असतात. म्हणून गृहस्थाश्रम ही दुर्बळांसाठी दिलेली सवलत आहे, ही समजूत मला सर्वस्वी चुकीची वाटते. नानकांच्या दृष्टीने ती अधिक कठीण परीक्षा आहे.

लोकमान्यांच्या गीतारहस्याने प्रवृत्ती आणि निवृत्ती यांचा वाद मराठी माणसाच्या परिचयाचा केला आहे, आणि कर्मयोगाची भूमिका आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. परंतु गुरूंच्या विचाराचे एक वेगळेपण ध्यानात ठेवावे लागते. तेथे फलाशा सोडून कर्म करणे पुरेसे मानलेले नाही. ते कर्म कोणत्या प्रकारचे आहे आणि त्याचे फळ कोणाच्या ताटात जाते, हेही विचारले आहे. कष्टाने कमवा, नाम जपा, वाटून खा, ही तीन सूत्रे सर्वश्रुत आहेत, आणि त्यांवर इतके लिहिले गेले आहे की मी विस्तार करीत नाही. त्यांतले पहिले आणि तिसरे मात्र एकमेकांपासून तोडता येत नाही. सैदपूरची साखी हेच सांगते. नानकांनी मलिक भागो या अधिकाऱ्याच्या मेजवानीचे आमंत्रण नाकारले आणि लालो सुताराची कोरडी भाकरी खाल्ली. जाब विचारला गेला तेव्हा त्यांनी दोहोंकडचे अन्न हातात घेऊन पिळले, आणि लालोच्या भाकरीतून दूध व भागोच्या पक्वान्नातून रक्त निघाले, असे परंपरा सांगते. दुसऱ्याचा हक्क खाणे हे एकाला डुक्कर आणि दुसऱ्याला गाय खाण्यासारखे आहे, असे माझ वारेत नानकांनी म्हटले आहे ते याच अर्थाने. संसार स्वीकारा म्हणणे सोपे असते. रयतेचे रक्त त्यात मिसळू देऊ नका म्हणणे कठीण असते, आणि गुरूंनी दोन्ही एका दमात सांगितले.

वाटून खाण्याची संस्था म्हणजे लंगर. अमृतसरच्या हरिमंदिराच्या परिसरात शिरताना प्रथम लागते ते जोडाघर. तेथे खिडकीपलीकडे उभी असलेली माणसे येणाऱ्याचे जोडे दोन्ही हातांनी घेतात, त्यांवरची धूळ फडक्याने पुसतात आणि क्रमांकाचे टोकन देतात. त्यांत कोण पेढीवाला, कोण सरकारी अधिकारी आणि कोण शेतमजूर हे ओळखता येत नाही. पुढे लंगरात पंगत जमिनीवर, एका सरळ ओळीत बसते. पोळीला तेथे परशादा म्हणतात, आणि तो ताटात टाकला जात नाही. बसलेल्याने दोन्ही तळवे जोडून पुढे करायचे आणि वाढणाऱ्याने त्यात ठेवायचा. आधी पंगत आणि मग संगत, हा नियम गोइंदवालला गुरू अमरदासांनी घातला आणि अकबरालाही तो पाळावा लागला, असे परंपरेत सांगतात. ज्याला बरोबरीने जेवता येत नाही त्याला बरोबरीने बसून कीर्तन ऐकण्याचा अधिकार नाही, इतका हा नियम रोखठोक आहे.

लंगराच्या इतिहासात एक नाव विशेष जपण्यासारखे आहे. सत्ता आणि बलवंड यांच्या वारेत गुरू अंगदांच्या पत्नी माता खीवी यांचा नावानिशी उल्लेख येतो. त्यांच्या सावलीचा आणि लंगरातल्या तुपाळ खिरीचा गौरव तेथे केला आहे. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गृहिणीचे नाव धर्मग्रंथात कायमचे नोंदले जावे, हे योगायोगाने घडलेले नाही. जेथे जेथे परमार्थाचा मार्ग घरापासून दूर जातो, तेथे तेथे घरात राहणारी स्त्री ही साधकाच्या वाटेतली धोंड ठरते; आपल्याकडील वैराग्यपर वाङ्मयात स्त्रीनिंदेचे जे उदंड पीक आले आहे त्याचे मूळ येथे आहे. जिच्यापासून राजे जन्मले तिला वाईट का म्हणावे, हा आसा दी वारमधला नानकांचा प्रश्न म्हणजे वरवरची उदारता नव्हे. त्यांच्या गृहस्थधर्माचा तो अटळ निष्कर्ष होता. शीख विवाहविधीतही हेच दिसते. वरवधू एकमेकांना जोडणारा पल्ला धरून ग्रंथसाहिबाला चार फेरे घालतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुरू रामदासांच्या लावांमधले एक पद म्हटले जाते. त्यांतले पहिले पद प्रवृत्तीच्या कर्मांची दृढ प्रतिष्ठा करते, आणि तेथून चढत जाऊन चौथे पद जिवाच्या ईश्वराशी होणाऱ्या मीलनाला पोहोचते. विवाह लावण्याचे पद आणि मोक्षाचे पद येथे एकच आहे.

पण संसाराला ही मान्यता दिल्यावर वैराग्याचे काय झाले? नववे गुरू तेगबहादुर यांचे श्लोक वाचणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. जग हे स्वप्न, जग हे वाळूची भिंत, आप्तस्वकीय सुखाचे सोबती, असा त्या 57 श्लोकांचा सूर आहे, आणि अंत्यप्रसंगी ते आजही वाचले जातात. गुरुगादीवर येण्यापूर्वी त्यांनी बकाला येथे कित्येक वर्षे एकान्तप्राय आणि ध्यानस्थ काढली. मात्र माता गुजरी त्यांच्या समवेत होत्या आणि ती वर्षेही गृहस्थाचीच होती. आता या वैराग्याची परिणती पाहा. 1675 साली काश्मिरी पंडित आपले गाऱ्हाणे घेऊन आनंदपूरला आले. ज्या जानव्याला नानकांनी मुलगा असताना नकार दिला होता, त्या जानव्याच्या रक्षणासाठी तेगबहादुर दिल्लीला गेले आणि चांदणी चौकात त्यांनी शिर दिले; त्यांच्याआधी मतीदास, सतीदास आणि दयाला यांनी प्राण दिले होते. ज्याला जग वाळूची भिंत वाटत होते, त्याने त्या जगातल्या परक्या माणसांच्या श्रद्धेसाठी मान पुढे केली. येथे वैराग्याचा जो अर्थ प्रकट होतो तो मला शीख विचाराचा गाभा वाटतो. वैराग्याने माणूस संसारातून सुटत नाही; वैराग्याने तो भयातून सुटतो, आणि भयातून सुटलेला माणूस संसाराच्या अधिक कामी येतो.

त्याआधी सत्तर वर्षे मिरी आणि पिरी यांची स्थापना झाली तीही याच तर्काने. 1606 साली गुरू अर्जुनांचा लाहोरला छळ होऊन अंत झाल्यावर गुरू हरगोबिंदांनी दोन तलवारी धारण केल्या, एक ऐहिक सत्तेची आणि दुसरी आध्यात्मिक सत्तेची, आणि हरिमंदिरासमोर अकाल तख्त उभारले. या गुरूंची आणि समर्थ रामदासांची श्रीनगर-गढवालला भेट झाली, अशी एक साखी शिखांत प्रचलित आहे. घोड्यावर बसलेला हा सशस्त्र पुरुष नानकांच्या गादीवर कसा, या समर्थांच्या प्रश्नावर गुरूंनी म्हणे उत्तर दिले, की नानकांनी माया सोडली होती, संसार सोडला नव्हता. भेटीच्या ऐतिहासिकतेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पंथाने स्वतःची भूमिका कोणत्या शब्दांत लक्षात ठेवली, हे सांगायला ती साखी पुरेशी आहे. अकाल तख्ताजवळ आजही दोन निशाणे एकत्र उभी आहेत, आणि त्यांतले पिरीचे निशाण मिरीच्या निशाणाहून थोडे उंच आहे. ही उंची जेव्हा जेव्हा विसरली गेली आणि राजकारणाने धर्मपीठाला आपले कचेरीघर केले, तेव्हा तेव्हा पंथाचे नुकसान झाले, असे शिखांच्या अलीकडच्या इतिहासाबद्दल मला वाटते.

आणि विरक्तीचा वेष हा निर्लोभतेचा दाखला नव्हे, हेही त्याच इतिहासाने रक्ताने लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकात शीख जंगलात परागंदा असताना गुरुद्वारांची देखभाल मुख्यतः उदासी साधूंनी केली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण पुढे इंग्रजी अमलात इनामजमिनी खासगी मालकीप्रमाणे नोंदल्या गेल्या, उत्पन्न वाढले, आणि कित्येक महंत जहागीरदार बनले. 20 फेब्रुवारी 1921 रोजी ननकाना येथे, नानकांच्या जन्मस्थानी, महंत नारायणदासाच्या भाडोत्री माणसांनी भाई लछमणसिंग धारोवालींच्या निःशस्त्र जथ्याची कत्तल केली. मारणारे विरक्तांच्या गादीचे चाकर होते. मरणारे बहुतेक साधे शेतकरी, बायकामुले मागे ठेवून आलेले गृहस्थ होते. चार वर्षांनी, 1925 साली, गुरुद्वारा कायदा झाला आणि व्यवस्था निवडून आलेल्या समितीकडे गेली.

गृहस्थधर्माचाही ऱ्हास होतो, आणि त्याचा धोका आज मला अधिक जवळचा दिसतो. कष्टाला पूजा म्हणणारा समाज संपत्तीलाच प्रसाद समजू लागतो. लग्नातला दिखावा, संगमरवराने मढवलेली गुरुद्वारे, आणि पंगतीत एकत्र बसणाऱ्यांनी गावात परतल्यावर जातवार निराळी गुरुद्वारे आणि निराळी स्मशाने राखणे, यांविरुद्ध खुद्द शीख विचारवंतांनीच वारंवार लिहिले आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दसवंध, काढणे ही गुरूंनी घातलेली किमान मर्यादा होती. तिचे अनेक घरी ऐच्छिक देणगीत रूपांतर झाले आहे. परंतु या दोषांचे निदान करताना पुन्हा संन्यासाचे गोडवे गाण्याची गरज नाही. लालोची भाकरी आणि भागोचे पक्वान्न यांत निवड करायला गुरूंनी शिकवलेच होते. ती निवड रोजच्या कमाईत करायची राहून जाते, एवढाच तो दोष आहे.

महाराष्ट्रातून नांदेडला सचखंड हुजूरसाहिबाच्या दर्शनाला जाणारे लोक पुष्कळ आहेत. 1708 साली गुरू गोविंदसिंहांनी तेथे देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथाकडे सोपवले, म्हणून ते तख्त. त्या ग्रंथापुढे माथा टेकणाऱ्या मराठी यात्रेकरूला माझी एक विनंती आहे. त्यात आपल्या नामदेवांची जी 61 पदे आहेत ती देवनागरी लिप्यंतरात सहज मिळतात. ती आपल्या घरातल्या गाथेशेजारी ठेवून वाचावीत, आणि त्रिलोचनाने विचारलेला तो प्रश्न कबीरांच्या श्लोकांतून काढून त्यांच्याबरोबर वाचावा.